इंग्रजीत 'अभाव' लिहिताना: लॅक, ॲब्सेन्स, शॉर्टेज की डेफिसिट?

'शाळेत शिक्षकांचा अभाव आहे' हे वाक्य मराठीत खपून जातं. वाचणारा आजूबाजूच्या मजकुरावरून काय ते ओळखतो. तेच इंग्रजी अहवालात लिहायचं झालं की निदान चार शब्द समोर येतात, आणि शब्द बदलला की ठपक्याचा मानकरीही बदलतो. 'टीचर ॲब्सेन्स' म्हणजे नेमलेले शिक्षक वर्गावर येत नाहीत. 'टीचर व्हेकन्सीज' म्हणजे मंजूर पदं रिकामी आहेत, भरतीच झालेली नाही. 'टीचर शॉर्टेज' म्हणजे मुलांच्या मानाने शिक्षक कमी पडतात, मग पदं मंजूर असोत वा नसोत. 'लॅक ऑफ ट्रेन्ड टीचर्स' म्हणजे शिक्षक असतीलही, प्रशिक्षित मात्र नाहीत. शब्दकोशात यातल्या बहुतेकांपुढे 'अभाव' किंवा 'कमतरता' असंच काहीसं दिलेलं असतं. म्हणून शब्दकोश उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: वस्तू अजिबात नाही, की आहे पण कमी आहे? दुसरा: कमी असेल तर कशाच्या तुलनेत? गरजेच्या, शरीराला लागणाऱ्या प्रमाणाच्या, ठरवलेल्या उद्दिष्टाच्या, की खर्चाच्या? तिसरा: ती नसणं ही उणीव आहे, साधी वस्तुस्थिती आहे, की चांगली गोष्ट आहे? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत उपयोगी, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. मोजण्याची पट्टी कोणती हे कळलं की शब्द बहुधा एकच उरतो.

अजिबात नसणं: ॲब्सेन्स

ॲब्सेन्स हा शब्द तक्रार करत नाही. अमुक गोष्ट इथे नाही, एवढंच तो सांगतो. त्यामुळे नकोशी गोष्ट नसेल तर तोच वापरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली आरोग्याची व्याख्या प्रसिद्ध आहे. ही घटना १९४८ मध्ये अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोग किंवा दुर्बलता नसणं नव्हे, असं तिच्यात म्हटलं आहे आणि तिथे शब्द आहे 'ॲब्सेन्स ऑफ डिसीज'. तिथे 'लॅक ऑफ डिसीज' लिहिलं असतं तर रोग ही हवीशी वस्तू आहे आणि ती मिळाली नाही, असा विचित्र सूर लागला असता. रुग्णाला ताप नाही, वेदना नाहीत, सूज नाही, हे सगळं ॲब्सेन्सने सांगायचं. भूक नाही, झोप नाही, यासाठी लॅक.

ॲब्सेन्स हा शून्याचा शब्द आहे आणि शून्याला तीव्रता नसते. म्हणून 'सीव्हिअर ॲब्सेन्स' किंवा 'ॲक्यूट ॲब्सेन्स' चुकीचं. 'टोटल', 'कम्प्लीट', फार तर 'निअर' ही विशेषणं चालतात. ही एक पक्की चाचणी आहे: मराठी वाक्यात 'तीव्र', 'भीषण', 'गंभीर' यांपैकी काही असेल, तर इंग्रजीत ॲब्सेन्स येणार नाही. तिथे 'ॲक्यूट शॉर्टेज' किंवा 'सीव्हिअर डेफिशियन्सी' लागेल.

माणसांच्या बाबतीत ॲब्सेन्स म्हणजे गैरहजेरी. माणूस नेमलेला आहे, फक्त त्या वेळी तिथे नाही. पद रिकामं असेल तर व्हेकन्सी. हा फरक भारताच्या संविधानाने फार नेटका पाळला आहे. राष्ट्रपतींचा मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती यांमुळे पद रिकामं झालं तर अनुच्छेद ६५ त्याला 'व्हेकन्सी' म्हणतो. राष्ट्रपती पदावर आहेत पण गैरहजेरी किंवा आजारपणामुळे काम पाहू शकत नाहीत, तर त्यासाठी 'ॲब्सेन्स' आणि 'इलनेस' असे वेगळे शब्द येतात. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांचं निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला. ती व्हेकन्सी होती. गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्तातही हेच तत्त्व लावावं. अध्यक्ष सभेला आले नाहीत तर 'इन द ॲब्सेन्स ऑफ द चेअरमन'. अध्यक्षांनी राजीनामा दिला असेल तर 'व्हेकन्सी इन द ऑफिस ऑफ चेअरमन'. 'लॅक ऑफ चेअरमन' कोणत्याच परिस्थितीत चालत नाही.

शब्दयोगी शब्दांकडे लक्ष हवं. वस्तू असेल तर 'ॲब्सेन्स ऑफ', जागा असेल तर 'ॲब्सेन्स फ्रॉम': 'ॲब्सेन्स फ्रॉम स्कूल', 'ॲब्सेन्स फ्रॉम ड्यूटी'. 'ॲब्सेन्स इन स्कूल' ही आपल्या 'शाळेत गैरहजर' या बोलण्यातून येणारी चूक आहे.

लॅक: सोपा, पण निसरडा

लॅक सगळीकडे बसतो, आणि तीच त्याची अडचण आहे. तो शून्यही सांगतो आणि कमीही. 'बॉम्बे' रक्तगटाच्या माणसांच्या लाल पेशींवर एच प्रतिजन (पेशीवरची एक ओळखखूण) मुळीच नसतो, तिथेही 'लॅक' हेच क्रियापद वापरतात. आणि चार तास झोप मिळालेल्या माणसालाही 'लॅक ऑफ स्लीप' म्हणतात. त्यामुळे गावाच्या पाणीप्रश्नावर 'लॅक ऑफ वॉटर' लिहिलं, तर नळाला पाणीच नाही की दिवसाआड येतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अहवालात, अर्जात, बातमीत आकडा महत्त्वाचा असेल तिथे लॅक टाळावा.

तो शोभतो गुणांच्या आणि अमूर्त गोष्टींच्या बाबतीत: आत्मविश्वास, अनुभव, इच्छाशक्ती, समन्वय, पारदर्शकता. यांची टंचाई होत नाही, कारण त्यांचा पुरवठा कुणी मोजत नाही. 'शॉर्टेज ऑफ कॉन्फिडन्स' म्हणून खटकतं.

व्याकरणाच्या तीन चुका इथे हमखास होतात. क्रियापद म्हणून लॅक आला की त्यापुढे 'ऑफ' येत नाही: 'द व्हिलेज लॅक्स अ क्लिनिक' बरोबर, 'लॅक्स ऑफ अ क्लिनिक' चूक. 'ऑफ' फक्त नामाबरोबर. दुसरी चूक कर्मणी प्रयोगाची. 'गावात दवाखान्याची उणीव भासते' याचं 'अ क्लिनिक इज लॅक्ड' करू नये. 'इज लॅकिंग' चालतं. तिसरी चूक 'लॅकिंग'च्या मागून येणाऱ्या शब्दाची: गुण कमी असेल तर 'लॅकिंग इन', म्हणजे 'लॅकिंग इन एक्सपीरिअन्स', तिथे 'लॅकिंग ऑफ' लिहू नये.

'इन द ॲब्सेन्स ऑफ एव्हिडन्स' आणि 'फॉर लॅक ऑफ एव्हिडन्स' यांत अदलाबदल करू नये. पहिल्यात परिस्थिती सांगितली जाते: पुरावा नसताना अमुक गृहीत धरता येणार नाही. दुसऱ्यात कारण: पुराव्याअभावी आरोपी सुटला. मराठीतलं 'अभावी' हे नेहमी कारण असतं, म्हणून त्याला 'फॉर लॅक ऑफ' किंवा 'फॉर वॉन्ट ऑफ' हेच जुळतं. 'फॉर वॉन्ट ऑफ' आज बोलण्यातून जवळपास गेलं असलं तरी कोर्टकचेरीत आणि सभांच्या कागदपत्रांत जिवंत आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर 'ॲडजर्न्ड फॉर वॉन्ट ऑफ कोरम' हाच रुळलेला शब्दप्रयोग लिहावा.

टंचाई: शॉर्टेज आणि स्केअर्सिटी

इथे पट्टी गरजेची आहे. हवं त्यापेक्षा मिळतं कमी. शॉर्टेज सहसा तात्पुरता आणि पुरवठ्याशी बांधलेला असतो: खताचा, रक्ताच्या पिशव्यांचा, सुट्या नाण्यांचा, उन्हाळ्यातल्या पाण्याचा. पुरवठा सुरळीत झाला की तो संपतो. तो मोजता येतो, म्हणून 'अ शॉर्टेज', 'शॉर्टेजेस' अशी रूपं होतात. नामाच्या आधी वस्तू ठेवली तर वाक्य आटोपशीर होतं: 'वॉटर शॉर्टेज', 'स्टाफ शॉर्टेज'.

स्केअर्सिटी अधिक खोल आणि दीर्घकाळची. साधनं मुळातच मर्यादित आहेत, हे सांगायचं असेल तर स्केअर्सिटी. अर्थशास्त्राच्या पुस्तकात म्हणूनच तोच शब्द पहिल्या प्रकरणात भेटतो. तो एकवचनीच राहतो आणि बहुतेक वेळा 'अ' घेत नाही.

महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांचं भाषांतर करणाऱ्यांनी मात्र या शब्दाचा इतिहास ध्यानात ठेवायला हवा. १९६३ मध्ये राज्याने कायदाच करून आपल्याकडे लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळला आणि त्या जागी 'स्केअर्सिटी' आणला. माणसं उपाशी मरतात ते फॅमिन, आणि ते शब्दासकट पुसलं गेलं. त्यामुळे या राज्याच्या प्रशासकीय इंग्रजीत स्केअर्सिटी हा निव्वळ वर्णनाचा शब्द उरलेला नाही. त्यामागे घोषणा, मदत आणि कामं देण्याची यंत्रणा उभी असते. १९७२च्या दुष्काळावरचे सरकारी कागद इंग्रजीत नेताना 'टंचाईग्रस्त गाव' याला 'स्केअर्सिटी-अफेक्टेड व्हिलेज' म्हणावं. तिथे 'शॉर्टेज' टाकला तर प्रशासकीय अर्थ हरवतो, आणि आपल्या पदरचा 'फॅमिन' टाकला तर मूळ कागद जे म्हणत नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखं होतं. लेखक स्वतःच्या मताने लिहीत असेल तर गोष्ट निराळी. त्याने हवा तो शब्द निवडावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी.

स्केअर्स आणि रेअर हेही अनेकदा एकमेकांच्या जागी जातात. रेअर म्हणजे मुळातच विरळा. स्केअर्स म्हणजे लागतं तेवढं मिळत नाही. मघाचा 'बॉम्बे' रक्तगट १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवला. तो गट रेअर आहे, वर्षाचे बाराही महिने. ओ पॉझिटिव्ह रक्त मात्र भारतात भरपूर लोकांचं असतं. तरी सुट्टीच्या दिवसांत शिबिरं थंडावली की तेच रक्तपेढीत स्केअर्स होऊ शकतं. रक्तदानाच्या आवाहनात हा फरक नीट लिहिला, तर कुणी यायचं हे वाचणाऱ्याला कळतं.

तूट: डेफिसिट आणि शॉर्टफॉल

दोन्हींत आकडा असतो. पट्टी मात्र वेगळी. शॉर्टफॉल उद्दिष्टाशी मोजतात, डेफिसिट खर्चाशी किंवा ठरलेल्या सरासरीशी. ग्रामपंचायतीचं घरपट्टी वसुलीचं उद्दिष्ट १० लाख रुपये, वसुली झाली ७.५ लाख आणि त्या पैशांतून करायचा खर्च झाला ९ लाख, असं समजू. इथे शॉर्टफॉल २.५ लाखांचा आणि डेफिसिट १.५ लाखांचा. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींना मराठीत आपण 'तूट' म्हणतो, त्यामुळे भाषांतरात एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटतो. अर्थसंकल्पातली राजकोषीय तूट, महसुली तूट, व्यापार तूट या सगळ्या डेफिसिटच. त्यांना शॉर्टफॉल म्हणू नये. उलट, कर अंदाजापेक्षा कमी जमा झाला तर तो 'रेव्हेन्यू शॉर्टफॉल'. त्याला 'रेव्हेन्यू डेफिसिट' म्हटलं की थेट महसुली तूट असा दुसराच अर्थ होतो.

पावसाच्या बातम्यांत आणखी एक खाच आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस म्हणजे 'डेफिशियंट', ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे 'लार्ज डेफिशियंट', आणि १९ टक्क्यांपर्यंतची घट 'नॉर्मल'मध्येच धरतात. म्हणजे १५ टक्के कमी पाऊस झालेल्या जिल्ह्याला बोलीत तूट म्हणता येईल, विभागाच्या भाषेत तो डेफिशियंट नाही. आकडा द्यावा, विशेषण विभागाचंच ठेवावं, स्वतःचं जोडू नये.

शरीरातली आणि कामातली उणीव: डेफिशियन्सी

शरीराला अमुक प्रमाणात लागणारा घटक कमी पडला की डेफिशियन्सी: लोह, आयोडीन, ब-१२ जीवनसत्त्व. 'आयर्न शॉर्टेज' असं रुग्णाबद्दल लिहीत नाहीत. इंग्रजीत घटकाचं नाव आधी येतं, 'आयर्न डेफिशियन्सी'. विशेषण वापरलं तर 'डेफिशियंट इन आयर्न'. लोहाची कमतरता आणि रक्तक्षय यांनाही एक समजू नये. रक्तक्षय हिमोग्लोबिनवर ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात गरोदरपणासाठी ही सीमा सर्वसाधारणपणे डेसिलिटरमागे ११ ग्रॅमची आहे. लोह कमी असूनही हिमोग्लोबिन अजून घसरलेलं नसू शकतं, आणि रक्तक्षयाला लोहाखेरीज दुसरी कारणंही असतात.

ड जीवनसत्त्वाच्या अहवालात डेफिशियन्सी आणि इनसफिशियन्सी असे दोन शब्द दिसतात. ते समानार्थी नाहीत. २०११च्या एका बहुचर्चित अमेरिकी मार्गदर्शक सूचनेत मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली डेफिशियन्सी आणि २१ ते २९ मध्ये इनसफिशियन्सी धरली होती. म्हणजे एक पायरी 'कमतरता' आणि दुसरी 'अपुरेपणा'. भाषांतरात दोन्हींना 'कमतरता' लिहिलं तर २७ आलेल्या माणसाला उगाच धास्ती बसते.

ग्राहक कायद्यातली 'सेवेतील त्रुटी' हीसुद्धा डेफिशियन्सीच, पण तिथे 'इन' लागतो: 'डेफिशियन्सी इन सर्व्हिस'. हा कायद्यातलाच शब्दप्रयोग आहे, म्हणून तक्रार अर्जात त्याऐवजी 'लॅक ऑफ सर्व्हिस' घालू नये. तसंच 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट'च्या, चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ मध्ये शब्द आहे 'इनसफिशियन्सी ऑफ फंड्स'. खात्यात पैसे होते पण चेकपुरते नव्हते, असं असलं तरी इनसफिशियन्सी लागू पडते. नोटिशीत 'ॲब्सेन्स ऑफ फंड्स' लिहिणं अर्थालाही धरून नाही आणि कायद्यालाही.

डर्थ, पॉसिटी

या दोघांवर फार वेळ घालवू नये. डर्थ म्हणजे आपली 'वानवा': चांगल्या बालनाट्यांची वानवा, जाणत्या समीक्षकांची वानवा. तो 'अ डर्थ ऑफ' असा येतो आणि अनेकवचन घेत नाही. पॉसिटी म्हणजे संख्या अगदी थोडी असणं; 'पॉसिटी ऑफ डेटा' संशोधनात ठीक. आपल्या कचेऱ्यांचं लाडकं 'ड्यू टू पॉसिटी ऑफ टाइम' मात्र सोडून द्यावं. 'वेळ नव्हता' याला 'देअर वॉज नो टाइम' पुरेसं आहे आणि जास्त प्रामाणिक आहे.

फ्री की लेस

विशेषण बनवताना तिसरा प्रश्न कामी येतो. नसणं चांगलं असेल तर 'फ्री', नुसतं नसणं किंवा उणीव असेल तर 'लेस'. 'केअरफ्री' म्हणजे निश्चिंत, 'केअरलेस' म्हणजे निष्काळजी. दोन्हींत 'केअर' नाही, पण एकात काळजीचं ओझं नाही आणि दुसऱ्यात घ्यायला हवी ती काळजी नाही. 'चाइल्डलेस' आणि 'चाइल्डफ्री' यांत तर माणसाची इच्छा गुंतलेली आहे. मूल हवं असून झालं नाही, अशा जोडप्याला 'चाइल्डफ्री' म्हणणं दुखावणारं. ठरवून मूल न होऊ देणाऱ्यांना 'चाइल्डलेस' म्हणणं म्हणजे त्यांच्यावर उणीव लादणं. इच्छा माहीत नसेल तर 'हॅव नो चिल्ड्रन' असं सरळ लिहावं.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर 'फ्री' म्हणजे शून्यच असं धरून चालू नये. भारतीय नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात किंवा १०० मिलिलिटर द्रवात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर 'शुगर फ्री' म्हणता येतं, आणि 'ग्लूटेन फ्री'ची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. म्हणून लेबलचं मराठी करताना 'साखर अजिबात नाही' असं लिहू नये, 'शुगर फ्री' किंवा 'साखरमुक्त' ठेवावं. 'नो ॲडेड शुगर' ही तर तिसरीच गोष्ट: वरून साखर घातलेली नाही, पण फळाची स्वतःची साखर त्यात भरपूर असू शकते.

एक उतारा करून पाहू

मराठी मसुदा असा आहे: 'ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची कमतरता आहे, मंजूर पाचपैकी दोनच पदं भरलेली आहेत. औषधांची कमतरता असते. गरोदर मातांमध्ये लोहाची कमतरता आढळते. निधीच्या कमतरतेमुळे दुरुस्ती रखडली आहे. स्वच्छतेची कमतरता आहे. रक्त साठवण्याच्या सोयीची कमतरता असल्याने रुग्णांना जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागतं.'

डॉक्टरांसाठी आकडा हाताशी आहे, मग शॉर्टेजही नको: 'थ्री ऑफ द फाइव्ह सँक्शन्ड पोस्ट्स आर व्हेकन्ट'. औषधांबाबत आधी चौकशी करावी. साठा कमी पडत असेल तर 'रन शॉर्ट', संपूनच जात असेल तर 'रन आउट'. आरोग्य खात्याच्या भाषेत दुसऱ्याला 'स्टॉक-आउट' म्हणतात आणि तो जास्त गंभीर मानला जातो. लोहासाठी 'आयर्न डेफिशियन्सी', पण तपासणी फक्त हिमोग्लोबिनची झाली असेल तर 'ॲनिमिया' लिहावं, कारण लोह कुणी मोजलेलंच नाही. निधी मंजूर झाला होता आणि त्यातला थोडाच भाग हाती आला असेल, तर 'शॉर्टफॉल' आणि सोबत रक्कम. मागणीच मंजूर झालेली नसेल तर 'फॉर लॅक ऑफ फंड्स' ठीक. स्वच्छतेच्या वाक्यात अभावाचा शब्दच नको. इंग्रजीत तिथे 'पुअर हायजीन' म्हणतात. ज्या गोष्टी कमी-अधिक दर्जाच्या असतात, त्यांच्याबाबत 'पुअर' किंवा 'इनॅडिक्वेट' हेच बहुतेक वेळा लागू पडतं: 'पुअर व्हेंटिलेशन', 'इनॅडिक्वेट लायटिंग'. शेवटच्या वाक्यात सोय मुळीच नाही, म्हणून 'ॲब्सेन्स' बसेल. पण 'द हॉस्पिटल हॅज नो ब्लड स्टोरेज युनिट' हे अधिक बरं. 'हॅज नो' लिहिलं की कुठे काय नाही हे पहिल्याच वाचनात कळतं, आणि ते युनिट कुणी द्यायचं हा पुढचा प्रश्न वाचणाऱ्या अधिकाऱ्याला टाळता येत नाही.